डेमलो संख्या

कागदावर एक हा अंक एका ओळींत नऊ वेळां लिहावा आणि त्या संख्येस तिनेंच गुणावें. उत्तर येतें 12345678987654321. सतरा अंकांची ही संख्या डावीकडून वाचा कीं उजवीकडून, सारखीच.

ठाण्याहून खाडी ओलांडून भिवंडीकडे निघालें कीं कशेळी गांव लागतें. याच ठाणे जिल्ह्यांतील एका रेल्वे स्थानकाचें नांव या संख्येस मिळालें आहे, हें कशेळीच्या मुलांस कोणी तरी सांगावयास हवें. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 सालीं डहाणूचा. माध्यमिक शिक्षण ठाण्यास, पुढें पुण्याचें फर्ग्युसन कॉलेज, आणि 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीस शाळामास्तरकी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवर मुंबईपासून सुमारें तीस मैलांवर डेमलो, म्हणजे आजचें डोंबिवली, हें स्थानक. अशा संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना तेथें सुचली, म्हणून त्यांनीं त्यांस डेमलो संख्या म्हटलें. संशोधकानें आपलें किंवा गुरूचें नांव न देतां स्टेशनाचें द्यावें, हें मला तरी फार आवडतें.

आतां तिची रचना पाहूं. मधला 9 बाजूस ठेवा. डावीकडे 12345678 उरतात, उजवीकडे 87654321. यांची बेरीज 99999999, म्हणजे सगळे मधल्यासारखेच नऊ! दोन टोकांची बेरीज मधल्या अंकाच्याच पुनरावृत्तीची यावी, हेंच डेमलो संख्येचें लक्षण. 17776 घ्या: टोकांचे 1 आणि 6 मिळून 7, आणि मध्यें तीन सातच. मूळ संख्येच्या सर्व अंकांची बेरीज 81, म्हणजे नवाचा वर्ग. आणि 81 नें तिला निःशेष भागही जातो.

हा चमत्कार घडतो कसा? गुणाकार मांडतांना नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. कडेच्या घरांत एकच एक, त्याच्या शेजारीं दोन, आणि मधल्या घरांत नऊ. हातचा कोठेंच येत नाहीं. दहा एक घेऊन पाहा: मधल्या घरांत दहा जमतात, हातचा पुढें सरकतो, आणि उत्तर 1234567900987654321 होऊन समतोल बिघडतो.

म्हणजे हें सौंदर्य दशमान पद्धतीचें, संख्येचें नव्हे, असें कोणी म्हणेल. कापरेकरांच्या हयातींत अनेक पंडितांनीं त्यांचें काम क्षुल्लक म्हणून हंसण्यावारी नेलें, तें बहुधा याच विचारानें. आक्षेप खोटा नाहीं. बारा अंकांच्या पद्धतींत हा डौल अकरा एकांपर्यंत टिकला असता. परंतु नऊ एकांची ती मूळ संख्या 9, 37 आणि 333667 यांच्या गुणाकारानें बनते, आणि हे अवयव कोणत्याही पद्धतींत लिहिले तरी बदलत नाहींत. 37 आणि 333667 या मूळ संख्या आहेत. बाह्य रूपाच्या कुतूहलानेंच मनुष्य या आंतल्या घडणीपर्यंत पोंचतो.

पदव्युत्तर शिक्षण न घेतलेल्या या मास्तरांनीं 6174 या संख्येचा गुणधर्म 1949 सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडला. 1975 सालीं अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष देवळालीकडे वळलें. कापरेकरांचें वय त्या वेळीं सत्तर वर्षांचें होतें.