रानभाजीची ओळख

घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात साजगाव आहे. बोंबल्या विठोबाच्या कार्तिकी यात्रेमुळे हे नाव पुष्कळांच्या परिचयाचे असेल. त्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो आणि लोक बेगमी करून घरी परततात. परंतु याच मुलखातील ठाकूर व कातकरी कुटुंबांच्या अन्नाचा एक भाग असा आहे की, त्याची बेगमी होत नाही. पहिल्या सरींबरोबर तो रानात उगवतो, थोड्याच दिवसांत जून होतो, आणि दरवर्षी नव्याने ओळखावा लागतो. ही ओळख कोणी घडविली आणि ग्रंथांनी तिच्यातील किती टिपून घेतली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ओळख म्हणजे केवळ नाव ठाऊक असणे नव्हे. शेवळाचेच पाहा. पाने फुटण्यापूर्वी त्याचा फुलोरा कोंबासारखा जमिनीतून वर येतो. तो कोवळा असताच खुडतात. त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असल्यामुळे तो नुसता शिजविल्यास घशाला खाज सुटते. म्हणून आतील पिवळा भाग काढून टाकतात आणि काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून भाजी करतात. कित्येक कडू कंद राखेबरोबर उकडून वाहत्या पाण्यात ठेविल्यावाचून खाता येत नाहीत. तेव्हा रूप, ऋतू, खाण्याजोगा भाग आणि शिजविण्याची रीत ही चारही कळली, तरच ओळख पुरी झाली असे म्हणता येईल.

आता ग्रंथांकडे वळू. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यास इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या कोंकणी वैद्यांनी माहिती पुरविली. या तिघांचे 1675 सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या ग्रंथातच छापलेले आहे. पुढे आपल्या इलाख्यात डाल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 मध्ये निघाला. थिओडोर कुक यांचा विस्तृत ग्रंथ 1901 ते 1908 या काळात पुरा झाला. 1899-1900 च्या दुष्काळानंतर, 1902 मध्ये, गॅमी यांनी टंचाईच्या दिवसांत लोक खात असलेल्या वनस्पतींची टिपणे प्रसिद्ध केली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी तर मुंबईकडील विषारी वनस्पतींवर लेखमालाच लिहिली. या परिश्रमांचे मोल मोठे आहे. तथापि मलबारच्या ग्रंथात वैद्यांची नावे तरी राहिली. दुष्काळात जी पाने खाऊन माणसे जगली, ती पहिल्याने पारखणाऱ्या बायांची नावे कोठेच राहिली नाहीत.

पारख चुकल्यास काय होते, याचे उदाहरण दूरचे असले तरी आम्हांस लागू आहे. टाकळा व कासविंदा ही एकाच कुळातील झाडे. टाकळ्याच्या पानास बोथट टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, व जोड्या बहुधा अधिक. टाकळ्याची भाजी आपण खातो. उलट पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी लहान मुलांचे बळी घेणारा, मेंदूज्वर समजला गेलेला रोग कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने होतो, असे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्या बिया यकृत, स्नायू व मेंदू या तिहींवर आघात करितात. पावसाळ्यात सुंदर फुलणाऱ्या कळलावीचा कंदही असाच घातक. आणि फूल नसताना तो खाद्य कंदासारखा भासू शकतो.

पावसाळ्यात शहरांतून या डोंगरांकडे येणाऱ्या मंडळींनी केवळ चित्रावरून भाजी खुडू नये, हे यावरून उघड होते. चाखून पाहणे ही परीक्षा नव्हे. जाणत्या बाईबरोबर एक-दोन पावसाळे हिंडावे, तिने काय टाकून दिले हेही पाहावे, आणि ग्रंथ ताडून पाहण्यासाठी जवळ ठेवावा. टिपण करणाराने त्यात भाजीच्या नावाबरोबर, तिची संमती घेऊन, सांगणारीचेही नाव लिहावे. रान तुटले किंवा तिची मुले त्या वाटेने जाईनाशी झाली, तर कुक यांच्या ग्रंथात वनस्पतीचे वर्णन राहील. पण ती केव्हा खुडावी आणि कशी शिजवावी, हे कोणास विचारावे असा प्रश्न पडेल.