पांढरी, निळी, लाल बोटं

गार पाण्यात हात घातला की बोटं गारठतात, हा आपला सगळ्यांचाच अनुभव. पण काहींची बोटं आधी खडूसारखी पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकतात. १८६२ साली पॅरिसमध्ये मोरीस रेनो या तरुण डॉक्टरने यावर प्रबंध लिहिला. त्यात २५ रुग्णांच्या हकिगती आहेत. त्यांतल्या २६ वर्षांच्या एका स्त्रीची बोटं भर उन्हाळ्यातसुद्धा जराशा गारव्याने पांढरी आणि बधिर होत.

रंग का बदलतो? रक्त आलंच नाही तर कातडी पांढरी दिसते. थोडं रक्त येऊन रेंगाळलं तर पेशी त्यातला ऑक्सिजन काढून घेतात. असं रक्त गडद होतं आणि कातडीतून निळसर दिसतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावल्या की ताजं रक्त धावत येतं, म्हणून लाली. पण वाहिन्या आवळतं कोण? १८५१ मध्ये क्लॉद बर्नार यांनी सशाच्या मानेतला एक चेतातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान गरम झाला होता. रेनोने त्यामुळे दोष चेतासंस्थेला दिला. १९२९ मध्ये टॉमस लुइस यांनी, दोष बोटांतल्या वाहिन्यांतच आहे, असं प्रयोगांवरून मांडलं. आज दोन्हींचा वाटा मानला जातो.

रेनोची मोठी चूक मात्र दुसरीच. ज्यांची बोटं तेवढ्यापुरती पांढरी पडत आणि ज्यांची सडू लागली होती, असे सगळे रुग्ण त्याने एकाच रोगाच्या नावाखाली घातले. १९०१ मध्ये जोनाथन हचिन्सन यांनी दाखवलं की हा एक रोग नाही. अनेक कारणांनी दिसणारं हे लक्षण आहे.

त्यातलं एक कारण दवाखान्यात नव्हे, दगडाच्या खाणींत सापडलं. १९१८ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्डला गेल्या. तिथले पाथरवट हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरत आणि थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडत. हादरे, गारठा आणि हत्याराची घट्ट पकड यांमुळे हे होतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ब्रिटनमध्ये हा आजार भरपाईच्या यादीत यायला १९८५ साल उजाडलं!

बहुतेकांच्या बाबतीत हा त्रास निरुपद्रवी असतो. हात उबदार ठेवणं आणि तंबाखू सोडणं एवढ्याने भागतं. पण त्रास तिशीनंतर सुरू झाला, एकाच हाताला होऊ लागला, बोटांना जखमा झाल्या, कातडी ताठरली किंवा सांधे दुखू लागले, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. एखादा हात किंवा पाय अचानक गार, फिका पडून असह्य दुखू लागला, किंवा ओठ-जीभ निळी दिसली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.

पाठ्यपुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या कातडीवर हे रंग चटकन कळत नाहीत. म्हणून वर्गात एखाद्या मुलाची तक्रार आली, तर हाताची पाठ न पाहता तळवा, नखं आणि ओठांची आतली बाजू पाहावी.