दुसरा रंग कशासाठी?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणानं विचारलं, “सर, संकेतस्थळ दोनच रंगांत केलं तर ते गरीब नाही का दिसणार?” उत्तरासाठी थोडं मागं जाऊ.

सत्तरच्या दशकात अमरावतीच्या एका छापखान्यात मी घरची लग्नपत्रिका छापायला दिली होती. मला तीन रंग हवे होते. ट्रेडल चालवणारा म्हणाला, “भाऊ, दुसरा रंग टाकाचा असन त कागद पुन्हा मशीनवर चढवा लागते.” खिळेछपाईत एका फेऱ्यात एकच शाई. रंग बदलायचा तर रूळ पुसा, शाई बदला, कागद नेमका त्याच जागी बसवा. त्यामुळे रंग विचार करूनच वापरला जाई. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ घ्या. काळ्या आकड्यांत लाल दिसला की रविवार किंवा सुटी. लाल रंगाला काम नेमून दिलेलं आहे.

त्याही आधी, १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. देशात साक्षर माणसं शंभरात जेमतेम अठरा. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदार ते ओळखत आकारावरून, रंगावरून नव्हे.

आता पडद्याकडे या. नव्वदच्या दशकात बऱ्याच संगणकांना एका वेळी २५६च रंग दाखवता येत. म्हणून वेबसाठी २१६ रंग सुरक्षित ठरले. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या सहा पायऱ्या. सहा गुणिले सहा गुणिले सहा. आज रंग कोट्यवधी आहेत आणि फुकट आहेत. खर्च गेला, त्याबरोबर विचार करण्याची सक्तीही गेली.

पण थांबा. नुसते रंग कमी केले म्हणजे विचार केला, असंही नाही. मागच्या जुलैअखेर माझा अकोल्याकडचा पुतण्या शेतात उभा राहून मोबाइलवर एक अर्ज भरत होता. पान अगदी साधं, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. चुकलेला रकाना फक्त किंचित लालसर होत होता. उन्हात त्याला दोन्ही दिसलं नाही. अर्ज अपुरा राहिला, मुदत गेली.

वेबचे मान्य निकष सांगतात की साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ असावा. काळ्या-पांढऱ्यात तो २१ : १ असतो. आणि जे रंगानं सांगता, ते शब्दांतही सांगा.

तेव्हा त्या तरुणाला माझं उत्तर असं: पान गरीब दिसेल की श्रीमंत, हा प्रश्न नंतरचा. आधी भर उन्हात ते वाचून बघ. मग प्रत्येक रंगाला विचार, बाबा, तुझं इथं काम काय?