तळटीप 14 : मातृभाषेचा रकाना

14. मातृभाषेचा रकाना : जनगणनेच्या पत्रकातील मातृभाषेच्या नोंदीची जागा. संयुक्त प्रांतात (नंतरचा उत्तर प्रदेश) हिंदी-उर्दू वादामुळे ती 1911 च्या मोजणीतच वादग्रस्त ठरली. दोन्ही बाजूंनी प्रचार झाला. माणूस घरी काय बोलतो यापेक्षा त्याचा धर्म आणि लिपीचा आग्रहच नोंदींत उतरू लागला. 1931 मध्ये दोन्ही भाषा ‘हिंदुस्थानी’ या एकाच नावाखाली मोजल्या गेल्या. 1951 मध्ये उर्दू सुमारे 7 टक्के आणि हिंदुस्थानी 11 टक्क्यांच्या आसपास भरली. 1961 मध्ये उर्दू जवळपास 11 टक्क्यांवर गेली, तर हिंदुस्थानी नाममात्र उरली. अवघ्या दहा वर्षांतला हा फरक बोलण्यातला असणे अशक्यच. प्रगणक न विचारता ‘हिंदी’ लिहितात, ही उर्दू संघटनांची जुनी तक्रार. आकड्यांना किंमत होती, कारण संविधानाच्या कलम 347 नुसार भाषेला राज्यात मान्यता मिळण्यासाठी ती बोलणाऱ्या, लोकसंख्येच्या लक्षणीय भागाची तशी मागणी असावी लागते. उर्दूला अशी मान्यता मिळावी म्हणूनच 1954 मध्ये झाकिर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रपतींना 20 लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन दिले गेले. बेळगाव सीमावादात खेडे हा घटक व भाषिक बहुमत हा निकष धरणाऱ्या महाराष्ट्राच्या मागणीची भिस्तही याच रकान्यावर होती. मजकुरातील बख्शी का तालाब हे लखनौच्या उत्तरेस सीतापूर रस्त्यावर आहे. तिथली बोली अवधी, पण जनगणनेच्या तक्त्यांत ती हिंदीतच मिळवली जाते. उर्दू 1989 मध्ये उत्तर प्रदेशाची दुसरी राजभाषा झाली.