साठ फूट सहा इंच

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर आणि तो झेलणारा कॅचर, या दोघांना मिळून 'बॅटरी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. एकच टोक असलेली बॅटरी कधी कुणाच्या कामाला आली आहे?

आपल्यासारख्या क्रिकेटवाल्यांना कॅचर म्हणजे विकेटकीपर वाटतो. पण फरक मोठा आहे. आता कुठला चेंडू टाक, हे कीपर बोलरला दर वेळी सांगत नाही. कॅचर सांगतो. बॅटरच्या मागे उकिडवा बसून तो बोटांनी खुणा करतो आणि साठ फूट सहा इंचांवर, मातीच्या उंचवट्यावर उभा असलेला पिचर मान हलवून हो किंवा नाही म्हणतो. (2022 पासून खुणांऐवजी बटणं दाबून सांगायचं यंत्र आलंय, पण संवाद तोच.) आणि गंमत म्हणजे सामना जिंकला की 'विजय' लिहिला जातो तो एकट्या पिचरच्या नावावर!

आता थोर जोड्या कोणत्या? आकडे विचारलेत तर पहिलं नाव सेंट लुईस कार्डिनल्सच्या अ‍ॅडम वेनराइट आणि याडिएर मोलिना यांचं. 14 सप्टेंबर 2022 ला या दोघांनी मिळून आपला 325 वा सामना सुरू केला आणि जुना विक्रम मोडला. थांबले ते 328 वर. पण माझ्या मते ही जोडी जमली ती 2006 सालीच. लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना, न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध. मोलिनानेच होमरन मारून 3-1 अशी आघाडी मिळवून दिलेली. शेवटची इनिंग, दोन बाद, तिन्ही बेसवर माणसं, समोर कार्लोस बेल्ट्रान आणि चेंडू नवख्या वेनराइटच्या हातात. पहिला चेंडू कोणता हे ठरलं होतं. मोलिना उठला, चालत त्याच्याकडे गेला आणि बेत बदलला. तीन चेंडूंत खेळ खल्लास. शेवटच्या वळणाऱ्या चेंडूवर बेल्ट्रानची बॅट हललीसुद्धा नाही. तो चेंडू अजून वेनराइटच्या नावाने ओळखला जातो. चालत गेलेल्या माणसाची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

जुना विक्रम होता 324 सामन्यांचा, डेट्रॉइट टायगर्सच्या मिकी लोलिच आणि बिल फ्रीहन यांचा. 1963 ते 1975. 1968 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये लोलिचने तीन सामने जिंकले, शेवटचा तर फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर. अखेरचा उंच उडालेला चेंडू फ्रीहनने झेलला आणि लोलिचने धावत येऊन त्याच्या अंगावर उडीच घेतली. तो फोटो प्रसिद्ध आहे. कॅचरने पिचरला उचलून धरलंय, अक्षरशः!

तो शेवटचा झेल देणारा बॅटर होता टिम मॅकार्व्हर, कार्डिनल्सचा कॅचर. त्याची आणि स्टीव्ह कार्ल्टनची जोडी आधी सेंट लुईसमध्ये आणि पुढे फिलाडेल्फियात जमली. तिथे 1976-77 मध्ये मुख्य कॅचर दुसराच असूनही कार्ल्टनच्या दिवशी बहुतेक वेळा मॅकार्व्हरच बसायचा. आम्ही मेलो की आमची थडगी साठ फूट सहा इंचांवर असतील, असं तो गमतीने म्हणायचा. कार्ल्टन 329 विजय घेऊन 1994 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. मॅकार्व्हरलाही हॉलने 2012 मध्ये गौरवलं, पण समालोचक म्हणून.

असो. एवढं सगळं मोजून झाल्यावर मला खरी हुरहूर लागते ती वेगळ्याच एका जोडीची. सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन. 1930 च्या दशकात पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघात हे दोघे एकत्र होते. पेजसारखा पिचर आणि गिब्सनसारखा तडाखेबंद कॅचर एकाच संघात! पण दोघे कृष्णवर्णीय, त्यामुळे मोठ्या लीगची दारं बंद. खेळायचं ते निग्रो लीगमध्ये आणि गावोगावी फिरून. नोंदी अर्धवट, बऱ्याचशा जुन्या वर्तमानपत्रांतून नंतर शोधून काढलेल्या. म्हणूनच 324 आणि 328 च्या यादीत ही जोडी कुठे बसते, हा प्रश्नच विचारता येत नाही.

गिब्सन 20 जानेवारी 1947 ला वारला, अवघ्या 35 व्या वर्षी. तीन महिन्यांच्या आत, 15 एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ते दार उघडलं. पेजला 1948 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी क्लीव्हलंडने घेतलं. त्याच वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हा पेजचे चेंडू दुसरेच कॅचर झेलत होते.

पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले, पेज 1971 ला आणि गिब्सन 1972 ला. 2024 मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतले आणि .372 च्या सरासरीने गिब्सन थेट टाय कॉबच्या वर, सर्वकालीन पहिल्या क्रमांकावर गेला. मरून 77 वर्षं झाल्यावर. चांगलंच झालं. पण तो आकडा बॅटिंगचा. उकिडवं बसून त्याने पेजला काय खुणा केल्या, पेजने कधी मान डोलावली आणि कधी नाही म्हटलं, ते त्या दोघांबरोबरच गेलं.

जोडी मोजायला माणसं मोजावी लागतात. आणि माणसं मोजायची, तर आधी त्यांना मैदानात येऊ द्यावं लागतं.