पैनगंगेनं नेलेला निंब

आमच्या आजीचं माहेर पैनगंगेच्या पल्याड. नदी ओलांडली की मोगलाई, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं, तेव्हापासून १९४८ पर्यंत हीच नदी दोन राजवटींची शीव होती. नकाशावर ती रेघ ठाम दिसते. नदी मात्र हलत होती.

आजोबा उन्हाळ्यात काठावर उभे राहून पात्रातल्या एका खडकाकडे बोट दाखवत. "थ्या खडकाजोळ माह्या बाचा निंब होता." निंब म्हणजे आमच्या वावराचा धुरा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पुराचं पाणी काळ्या मातीचा काठ तळातून कोरतं आणि वरची दरड अख्खी बसते. समोरच्या काठाला मळई साचते, तिथे डांगरवाड्या लागतात. जुन्या गावनकाशात आमच्या सर्वे नंबरची रेघ अजून सरळ पाण्यात जाते. आजोबा कधी शाळेत गेले नाहीत, पण ती रेघ पाहताच त्यांनी निंबाच्या जागी बोट ठेवलं.

जमीन मापण्याचा मोठा इतिहास आपल्या शेजारीच आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धेपलीकडे हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या इंचाला मैल अशा पत्रकांवर आपला यवतमाळ जिल्हा उतरला. २० अंश अक्षांशाच्या वर ५५ क्रमांक, खाली ५६. म्हणजे यवतमाळ शहर एका पत्रकात आणि दक्षिणेची पैनगंगा दुसऱ्यात!

आपल्याकडे त्रिभुज प्रदेश नाही, पण त्याची माती इथली आहे. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि राजमहेंद्रीच्या खाली समुद्रात जमीन घडवते. आमच्या धुऱ्याची मातीही त्याच वाटेनं गेली. आता इसापूरसारखी धरणं बराच गाळ अडवतात, त्यामुळे वरचा काठ आणि खालचं मुख दोन्ही बदलताहेत.

नकाशा मोजणीच्या दिवसाची नदी दाखवतो. दोन मोजण्यांच्या मधली नदी म्हाताऱ्यांनाच ठाऊक असते, आणि ते दप्तर झपाट्यानं रिकामं होत आहे. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर गावनकाशाची नक्कल घेऊन त्यांना यंदाच काठावर न्या. जुना घाट, डोह, उजाड झालेलं रीठ, सारं त्यावर खुणा करून, तारीख घालून लिहून ठेवा.