इंधन-जीवनचक्र उत्सर्जन : परभणी जिल्हा

वाहनाच्या इंधनाचा कच्चा माल जेथे पिकतो वा उपसला जातो तेथपासून ते इंधन एंजिनात जळेपर्यंत जेवढे हरितगृह वायू हवेत सुटतात, त्या सर्वांची एकत्रित मोजदाद. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्याने ही मोजदाद लिटरामागे न करता ऊर्जेच्या प्रत्येक मेगाजूलमागे करतात. कॅलिफोर्नियाने 2009 मध्ये केलेला इंधनविषयक नियम याच मापावर उभा आहे.

परभणी जिल्ह्यापुरता हा हिशेब उसाच्या सरीत सुरू होतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर व गोदाकाठी पिकणाऱ्या उसाच्या रसापासून किंवा मळीपासून काढलेले इथेनॉल जळते, तेव्हा सुटणारा कार्बन त्या उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असल्यामुळे जमाखर्चात निरंक धरला जातो. परंतु युरियातून निघणारा आणि शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापविणारा नायट्रस ऑक्साइड, विहिरीवरील मोटारीसाठी शेजारच्या परळीसारख्या औष्णिक केंद्रात जळालेला कोळसा, तोडणीनंतर पेटविलेले पाचट, वाहतुकीचे डिझेल आणि आसवनीच्या सांडपाण्यातून उठणारा मिथेन, ही सारी रक्कम खर्ची पडतेच. पाचट सरीत कुजविणे, ठिबकातून खत बेताने देणे, बॉयलर कोळशाऐवजी बगॅसवर चालविणे व सांडपाण्यातील मिथेन कोंडून इंधन म्हणून वापरणे, हे घटीचे उपाय होत. यांपैकी पहिला सर्वांत स्वस्त आणि, खेदाची गोष्ट ही की, सर्वांत उपेक्षित आहे.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना जुनी आहे. ज्या 1948 साली परभणी निजामी अंमलातून मुक्त झाली, त्याच साली भारतीय पॉवर अल्कोहोल अधिनियम झाला; तेव्हा दृष्टी पेट्रोलच्या बचतीवर होती, धुराच्या हिशेबावर नव्हे. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाबरोबर गोड ज्वारीलाही कच्च्या मालात स्थान दिले.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘मधुरा’ ही गोड ज्वारी विकसित केली आहे. हे पीक सुमारे चार महिन्यांत निघते, त्यास उसाहून पुष्कळ कमी पाणी लागते, आणि दाणा भाकरीस राहून ताटाचा रस आसवनीस जातो. मात्र तोडणीनंतर रसातील साखर झपाट्याने घटत असल्याने गाळप विनाविलंब व्हावे लागते. ज्वारीच्या संशोधनाची दीर्घ परंपरा असलेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्यातील कारखान्यांनी ही अडचण मिळून सोडवावी.